विहीणबाईंचा गुलाबी मार्बल

उदयसिंहराव मोहित्यांच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस उंबऱ्यातच थबकतो, कारण पाय कुठे ठेवावा ते त्याला कळत नाही. बडोद्याजवळच्या छाणीतल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांकडे एकसारख्या चकचकीत टाइल्स आहेत. मोहित्यांकडे मात्र काळे, करडे, हिरवट, तांबडे असे ग्रॅनाइटचे तुकडे आहेत. कुठे हातभर लांब, कुठे तळहाताएवढे, आणि सगळे गोधडीसारखे एकमेकांना जोडलेले. सांधा इतका नेमका की त्यात ब्लेडचं पातं शिरणार नाही. पाहुणा खाली बघत उभा राहिला की उदयसिंहराव आतून आमच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणतात, "या ने! पाय ठेवा. सगळी ओळखीचीच माणसं आहेत."

मी भास्करराव, त्यांचा शेजारी. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालो. सिग्नल खात्यातला माणूस आयुष्यभर दुसऱ्याला 'थांब' आणि 'जा' सांगत असतो, ती खोड निवृत्तीनंतरही सुटत नाही. या गोष्टीत ती खोड चांगलीच नडली, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

मोहित्यांचे पणजोबा बडोदे सरकारच्या पागेत होते. त्यांची तलवार अजून घरात आहे आणि खंडेनवमीला ती पाटावर येते. तिच्या शेजारी झेंडूचं फूल लावून ठेवलेला असतो दगड कापायचा ग्राइंडर. उदयसिंहरावांच्या मते पणजोबांनी तलवार जेवढी चालवली नसेल तेवढा त्यांनी ग्राइंडर चालवला आहे, आणि ते खरंच असावं. पस्तीस वर्षं ते लोकांच्या स्वयंपाकघरात ओटे बसवतायत. मांडवीपासून अलकापुरीपर्यंत शे-दोनशे घरांतली बाई पोळ्या लाटते ती त्यांनी बसवलेल्या दगडावर.

या माणसाचा एक रिवाज होता. ओटा बसवून झाला, कडा घासून झाल्या, की ते घरमालकाकडे कापून उरलेला एक तुकडा मागायचे. मागून घ्यायचे, न विचारता कधी नाही. घरी आणून त्याच्या पाठीवर तेलरंगाने त्या घराचं नाव आणि साल लिहायचे आणि मग तो स्वतःच्या जमिनीत बसवायचे. मी एकदा त्यांना चिडवलं, "काय हो, लोक फोटो जमवतात, तुम्ही दगड जमवता?"

"फोटो काय सांगणार?" ते म्हणाले. "त्यांचा ओटा आणि माझा तुकडा एकाच दगडाचे. माझ्याकडे डाग धरला, चीर गेली, तर त्यांच्याकडे काय होतंय ते मला घरबसल्या कळतं. मग त्यांनी बोलवायच्या आधी मी जातो."

आणि ते जायचे. दांडिया बाजारातल्या एका वकिलांच्या ओट्याचा तुकडा इथे तेल पिऊन काळवंडला, तर हे आपण होऊन पॉलिशचं सामान घेऊन त्यांच्या दारात हजर. वकीलसाहेब चाट पडले. त्यांची स्वतःची तक्रार अजून सुरूही झाली नव्हती.

एवढ्या घरांत एकच घर त्या जमिनीत नव्हतं, आणि ते त्यांच्या लेकीचं. रूपालीला घडियाळी पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या एका गल्लीत, दिली आहे. तिच्या सासरी तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकघर नवं केलं, तेव्हा ओटा अर्थातच उदयसिंहरावांनी बसवला. पण मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा मोहित्यांकडचा जुना नेम. हा गृहस्थ चार दिवस मे महिन्यात तिथे घाम गाळत होता आणि स्वतःच्या घरून नेलेल्या बाटलीतलं पाणी पीत होता. विहीणबाईंनी, म्हणजे रूपालीच्या सासूबाईंनी, पन्हं पुढे केलं तर हात जोडले. मग तुकडा कुठला मागणार? उरलेला तुकडा तसाच त्यांच्या अंगणात ठेवून हे घरी आले.

त्या विहीणबाईंचं नाव स्नेहलता. बाई टापटिपीच्या, बोलायला खणखणीत आणि स्वतःच्या स्वयंपाकघराचा मोठा अभिमान. त्यांचा ओटा तांबूस गुलाबी, बारीक काळ्या ठिपक्यांचा. तो आणला मार्बलच्या दुकानातून, म्हणून त्या सगळ्यांना सांगायच्या, "आमचा गुलाबी मार्बल बघितलात का?" बडोद्यात अर्धे लोक पॉलिश केलेल्या प्रत्येक दगडाला मार्बलच म्हणतात. तो मार्बल नव्हता. राजस्थानातून येणारा अस्सल तांबडा ग्रॅनाइट होता. उदयसिंहरावांनी त्यांची चूक कधी सुधारली नाही. मला म्हणाले, "विहीणबाईंना कोण शिकवणार? त्या खूश आहेत ने, बस."

आता मूळ गोष्टीकडे येतो. गेल्या संक्रांतीला स्नेहलताबाई हळदीकुंकवाला छाणीला आल्या होत्या. हळदीकुंकू मांडलं होतं उदयसिंहरावांच्या थोरल्या बहिणीने, जिजाबाईंनी. उदयसिंहरावांची बायको जाऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून अक्काच घर बघतात. संध्याकाळी चांगलाच गारठा होता. आतल्या खोलीत, रूपालीच्या जुन्या खोलीत, जमिनीच्या मधोमध एक मोठा तांबडा तुकडा आहे, अलकापुरीतल्या एका दवाखान्याच्या पायऱ्यांतला. उदयसिंहरावांनी मोठ्या हौसेने विहिणींना त्यावर अनवाणी उभं केलं. "बघा विहीणबाई, शेजारचा काळा गार आहे आणि हा तांबडा ग्रॅनाइट कसा कोमट. दगडच अंगचा गरम!"

ही त्यांची आवडती थाप होती. थाप तरी कशी म्हणू, त्यांचा स्वतःचा त्यावर ठाम विश्वास होता. पस्तीस वर्षं ते गिऱ्हाइकांना हेच सांगत आले होते.

पुढे पावसाळ्यात रूपालीला दिवस गेल्याचं पक्कं कळलं. बाळंतपण डिसेंबर अखेरीस. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, हे दोन्ही घरांत न बोलता ठरलेलं होतं. उदयसिंहराव कामाला लागले. खोलीला रंग दिला, पाळण्याचा हूक तपासला, जिजाबाईंनी बाळंतशोपा आणि ओवा निवडून डबे भरले. एका दुपारी ते मला म्हणाले, "भास्करराव, तिला आई नाही. आई नाही म्हणून माहेरही नाही, असं तिला वाटता कामा नये. बाकी माझं काही मागणं नाही." ते सहसा असं बोलत नाहीत. मी चहा मागितला.

आणि नवरात्रात मी माती खाल्ली. कुणीतरी मला एक मेसेज पाठवला: ग्रॅनाइटमध्ये युरेनियम असतं, त्यातून किरण निघतात, त्या किरणांनी दगड आतून तापतो, गर्भवती स्त्रियांनी सावध राहावं. खाली तीन लाल त्रिकोण. मी तो वाचला न वाचला आणि आमच्या बडोद्याच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर ढकलून दिला. त्या ग्रुपवर स्नेहलताबाई आहेत हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदयसिंहरावांचा फोन वाजला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. विहीणबाईंचा आवाज मला खुर्चीत बसून ऐकू येत होता.

"उदयसिंहराव, राग मानू नका. पण रूपाली तिकडे येणार नाही. तुमचं घर म्हणजे सगळा ग्रॅनाइट. आणि तो तांबडा दगड आतून गरम आहे हे तुम्हीच मला पाय ठेवून दाखवलंत. मेसेजमध्ये अगदी तेच लिहिलंय."

"विहीणबाई, पस्तीस वर्षं मी..."

"तुमच्या कामाला कोण नाव ठेवतंय? पण सव्वा महिना बंद खोलीत बाळ-बाळंतीण त्या दगडावर? माझं मन घेत नाही. बाळंतपण आम्ही इथेच करू. आमच्याकडे मार्बल आहे."

फोन ठेवून ते खाली बघत बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मेसेज कुणी पाठवला हे त्यांना ठाऊक होतं, कारण मी त्यांच्याच घरी बसून तो पाठवला होता. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मीच उसळलो. "अहो, सांगून टाका ना त्यांना! तुमचा गुलाबी मार्बल हा ग्रॅनाइटच आहे म्हणावं, तोही तांबडा! रूपाली रोज तीन तास त्याच दगडाला टेकून उभी असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"सांगितलं तर काय होईल?"

"त्यांचं तोंड बंद होईल."

"तोंड बंद होईल आणि भीती सुरू होईल," ते म्हणाले. "त्या बाईंचा सगळा दिवस त्या ओट्यापाशी जातो. त्यांची झोप उडवून मी माझी लेक घरी आणू? आधी खरं काय ते कळू दे. दगड वाईट निघाला तर पहिला मीच हातोडा घेऊन त्यांच्या दारात जाईन. त्यांच्याच काय, सगळ्यांच्या. आणि चांगला निघाला तर उगाच कशाला?"

मग ते उठले आणि एकेका तुकड्यावरून हळूहळू चालत गेले. हे वकील, ह्या मांडवीच्या सराफीणबाई, हे फतेहगंजचे मास्तर. तेव्हा मला कळलं की हा माणूस नुसता रूपालीच्या खोलीचा विचार करत नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे सगळं बडोदं होतं.

माझी नात उत्कर्षा इथल्याच विद्यापीठात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. तिला मी सगळं सांगितलं. तिने आधी माझ्या मेसेजवर मला अर्धा तास ऐकवलं. मग तिच्या सरांची परवानगी काढून एका रविवारी दुपारी ती किरणं मोजायचं यंत्र घेऊन आली. डब्याएवढं होतं, मध्येच टिक टिक करणारं. रूपालीने हट्ट धरला म्हणून स्नेहलताबाईही बघायला आल्या. रूपालीला मात्र त्यांनी घरीच ठेवलं होतं. जिजाबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि यंत्राकडे पाठ करून बसल्या.

उत्कर्षाने आधी बाहेर रस्त्यावर मोजलं. आकडा आला शून्य पूर्णांक अकरा. मग ओसरीतल्या विटांच्या भिंतीपाशी शून्य पूर्णांक चौदा. काळ्या तुकड्यांवर तेरा-चौदा. मग ती आतल्या खोलीत गेली आणि त्या मोठ्या तांबड्या तुकड्यावर यंत्र ठेवलं. टिक टिक जरा घाईने झाली. आकडा बावीसवर जाऊन थांबला.

"दुप्पट!" स्नेहलताबाई म्हणाल्या.

"दुप्पट आहे काकू, पण कशाच्या दुप्पट ते बघा ने," उत्कर्षा म्हणाली. "अगदी थोड्याची दुप्पट अगदी थोडीच असते. किरणं सगळीकडेच असतात. मातीत, विटेत, केळ्यातसुद्धा. केरळच्या किनाऱ्यावर काही गावांत वाळूच अशी आहे की तिथे याच्या कितीतरी पट जास्त येतं, आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतायत. ह्या दगडाला घाबरायचं काही कारण नाही."

"पण तो गरम आहे त्याचं काय? मी पाय ठेवून बघितलाय."

उत्कर्षाने वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. खोली केवढी, दगड किती जाडीचा, त्यातलं युरेनियम-थोरियम फुटून किती उष्णता होते. मग तिने वर बघितलं. "दगड आतून उष्णता करतो हे खरं आहे. पण ह्या खोलीतल्या सगळ्या दगडाची सगळी उष्णता जराही वाया न घालवता जमवली, तरी एक कप चहा उकळायला दोन हजार वर्षांहून जास्त लागतील."

जिजाबाई पाठ न वळवता म्हणाल्या, "तोवर दूध नासेल."

सगळे हसले, उदयसिंहराव सोडून. "मग तो कोमट कसा लागतो?" त्यांनी विचारलं.

उत्कर्षाने बोट दाखवलं. पश्चिमेच्या खिडकीच्या काचेतून तिरपं ऊन आत येत होतं आणि बरोबर त्या तांबड्या तुकड्यावर पडलं होतं. शेजारचा काळा सावलीत होता. "दुपारभर तापतो, आजोबा. संध्याकाळी कोमट लागणारच."

पस्तीस वर्षं दगडात घालवलेला माणूस त्या उन्हाच्या पट्ट्याकडे बघत राहिला. ते ऊन रोज तिथेच पडत होतं. "म्हणजे मी लोकांना इतकी वर्षं खोटं सांगितलं?"

"खोटं नाही. फक्त इतकं थोडं खरं की पायाला कळणार नाही."

त्याने त्यांचं समाधान झालं नाही, हे मला दिसत होतं. उत्कर्षा आता खिडकीपाशी गेली होती. "एक गोष्ट मात्र करा. अशा दगडातून, मातीतून एक वायू अगदी थोडा थोडा निघतो. खोली बंद राहिली तर तो साचतो. ही खिडकी उघडत का नाही?"

खिडकी उघडत नव्हती कारण ती उदयसिंहरावांनीच बंद केली होती. छाणीच्या रस्त्याची धूळ आत येते म्हणून रूपालीच्या कॉलेजच्या दिवसांत त्यांनी एकसंध काच बसवून कडेने पक्की चिकटवून टाकली होती. "दगडाचं काही करू नका, खिडकीचं करा," उत्कर्षा म्हणाली. "हवा खेळती राहिली की झालं."

आता जिजाबाई वळल्या. "बाळंतिणीच्या खोलीत खिडकी उघडी? वारा लागला म्हणजे? आमच्या घरात सव्वा महिना दार लोटलेलं असतं आणि शेगडीवर ओव्याची धुरी असते. यंत्राला काय कळतं बाळंतपणातलं?"

एकीकडे अक्का आणि दुसरीकडे विहीणबाई. स्नेहलताबाई अजून तांबड्या तुकड्याकडेच बघत होत्या. "मुलगी हुशार आहे, मला पटतंय," त्या म्हणाल्या. "पण मनातून जात नाही. आमच्याकडे मार्बल आहे, तिथे हा प्रश्नच येत नाही."

उत्कर्षा भाबडेपणाने म्हणाली, "तुमच्याकडे पण मोजू का?"

माझं तोंड उघडलं. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. उदयसिंहरावांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि दगड उचलणाऱ्या माणसाचा हात काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. "त्यांच्याकडे काय मोजायचं," ते म्हणाले. "विहीणबाई, हा तांबडा मी काढून टाकतो. खिडकी फोडून उघडणारी करतो. मग पाठवाल ने?"

"आजोबा, काढायची काही गरज नाही!" उत्कर्षा म्हणाली.

"दगडाला नसेल गरज."

स्नेहलताबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या गुडघ्याकडे. मग म्हणाल्या, "पाठवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो तुकडा काढला. मी मदतीला गेलो होतो, म्हणजे खुर्चीत बसून सूचना देत होतो. छिन्नी कडेने हळूहळू चालवत, न फोडता, दोन तासांनी त्यांनी तो सबंध उचलला. पाठीवर दवाखान्याचं नाव आणि साल अजून स्पष्ट होतं. त्यांनी तो अंगणात तुळशीपाशी नेऊन ठेवला. जमिनीत मधोमध सिमेंटचा एक राखाडी चौकोन उरला. तो त्यांनी नुसता गुळगुळीत करून सोडून दिला, दुसरा दगड बसवला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "उगाच कुणालाही कुठेही बसवत नाही."

खिडकीवरून अक्कांशी तीन दिवस बोलणी चालली. शेवटी तह झाला. खिडकी सकाळी दहा ते चार उघडी, बाळंतिणीच्या कानाला रुमाल पक्का, आणि धुरी घालायच्या आधी खिडकी उघडायची. अक्का म्हणाल्या, "मी हरले असं समजू नका. धूर जायला वाट पाहिजेच होती."

नोव्हेंबरअखेर रूपाली आली. तिने खोलीत पाऊल ठेवलं, त्या राखाडी चौकोनाकडे बघितलं आणि म्हणाली, "आबा, दवाखाना कुठे गेला?" लहानपणापासून ती त्या तुकड्यावर बसून अभ्यास करायची. ते म्हणाले, "बदली झाली," आणि घाईने पाणी आणायला गेले.

एकोणतीस डिसेंबरला मुलगी झाली. उदयसिंहराव दवाखान्यातून घरी आले ते ओसरीतच बसले आणि मनसोक्त रडले. मी शेजारी बसलो. बायको असती तर, एवढंच ते दोनदा म्हणाले.

बाराव्या दिवशी बारसं झालं. उत्तरायण तोंडावर आलेलं, गच्च्यांवर पतंग उडवणाऱ्या पोरांचा गलका सुरू झालेला. घडियाळी पोळातून रिक्षा आली. स्नेहलताबाई उतरल्या आणि मागून जावई कुणाल जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी जड दोन्ही हातांनी उचलून आला. आम्हाला वाटलं चांदीची मोठी समई वगैरे असेल. पाळणा झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, मग स्नेहलताबाईंनी ते गाठोडं आतल्या खोलीत मागवलं आणि स्वतः सोडलं.

आत एक तांबूस गुलाबी दगड होता. बारीक काळे ठिपके, एक कड घासलेली, तीन तशाच. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगणात सोडून दिलेला तुकडा. मधल्या काळात त्यावर लोणच्याची बरणी राहत असावी, कारण मधोमध एक फिकट वर्तुळ होतं.

"ह्याला मार्बल म्हणू की ग्रॅनाइट?" त्या म्हणाल्या.

मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"त्या दिवशी ह्या भास्कररावांचं तोंड उघडलं आणि तुम्ही त्यांचा गुडघा दाबलात. मी काय आंधळी आहे? दुसऱ्याच दिवशी उत्कर्षाला बोलावून घेतलं, कुणाला सांगू नको म्हटलं. आमच्या ओट्यावर पण बावीस. अगदी तेवढंच. तिने समजावलं तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला." त्यांचा खणखणीत आवाज जरा खाली आला. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ने?"

"होतं."

"फोनवर एक शब्द बोलला असतात तर मी गप्प झाले असते. तुमची लेक मुकाट्याने पाठवली असती. जमीन खणावी लागली नसती. का नाही बोललात?"

उदयसिंहरावांनी मान खाली घातली. "तुम्ही रोज तिथे उभ्या राहता, विहीणबाई. खात्री होण्याआधी बोललो असतो तर नुसती भीती घातली असती. आणि खात्री झाल्यावर बोलायचं कारणच उरलं नाही."

"माझं चुकलं," स्नेहलताबाई म्हणाल्या. त्या असं म्हणताना मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी पदर खोचला. "आता नात झाली. आता तुम्हाला आमच्या घरचं घेता येतं. घ्या हा."

उदयसिंहरावांनी तुकडा उचलला, उलटा केला, आणि रंगाचा डबा शोधायला गेले. पाठीवर नेहमीप्रमाणे त्यांनी घडियाळी पोळ लिहिलं, साल लिहिलं, आणि त्याखाली, जे ते कधीच लिहीत नसत, ते लिहिलं: रूपालीचं घर.

पाहुणे पांगल्यावर, चार वाजायच्या आत, खिडकी उघडी असताना, त्यांनी तो राखाडी चौकोनावर ठेवून बघितला. बसेना. एका बाजूने बोटभर मोठा होता. मी म्हटलं, "आणा ग्राइंडर, एक पट्टी उडवली की झालं. दोन मिनिटांचं काम."

"हा नाही कापायचा," ते म्हणाले.

त्यांनी रूपालीला आणि बाळाला बाहेरच्या खोलीत पाठवलं, गुडघे टेकले, आणि त्या बाजूचे जुने तुकडे, ते वकील, त्या सराफीणबाई, ते मास्तर, एकेक करून पाणी टाकत कडेने बोटभर छाटायला घेतले. अंधार पडेपर्यंत ते काम चाललं. मधे एकदा स्नेहलताबाईंनी घरून आणलेल्या थर्मासमधला चहा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी हात पुसले आणि सगळा प्यायला.